बैठक

नेमबाजीत कोणी पदक मिळवले की आपण त्याच्या नजरेचे, श्वासाचे, एकाग्रतेचे कौतुक करतो. २०१० साली म्युनिचच्या जागतिक स्पर्धेत तेजस्विनी सावंत यांनी ५० मीटर प्रोन प्रकारात सुवर्णपदक जिंकले. २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्वप्नील कुसाळे यांनी ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवले. दोघेही कोल्हापूर जिल्ह्याचे, म्हणून आपल्याला अभिमान अधिक. तो असावाच. परंतु रायफल जमवून देणाऱ्या हातांचे नाव कोठे छापून येत नाही, ही माझी तक्रार आहे.

रायफलीची 'बैठक' म्हणजे काय, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसेल. नळीच्या मागचा, बोल्ट सरकतो तो पोलादी भाग म्हणजे ॲक्शन. ती लाकडी दस्त्याच्या खोबणीत स्क्रूंनी आवळलेली असते. खालचे लाकूड असमान असेल, तर स्क्रू आवळताच पोलाद किंचित वाकते. पावसाळ्यात लाकूड फुगते आणि ताण बदलतो. प्रत्येक गोळीनंतर ॲक्शन त्याच जागी बसली, तरच गोळ्या एका ठिकाणी जमतात. ५० मीटरच्या लक्ष्यावर दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते. नळीची दिशा अंशाच्या साठाव्या भागाने बदलली, तर तेवढ्या अंतरावर गोळी सुमारे साडेचौदा मिलिमीटर सरकते. मग नेमबाजाची साधना काय करणार?

आमच्या क्लबमधील एका जुन्या रायफलीची बैठक परवानाधारक कारागिराच्या नजरेखाली मी प्रथमच केली. आधी पोलादाला काजळीचा हात द्यायचा, ते खोबणीत दाबायचे आणि जेथे काळे उमटेल तेवढेच लाकूड खरवडायचे. हे दहादा, वीसदा. मग पोलादाला मेण लावायचे, स्क्रूंची भोके व चापाची जागा मूर्तिकामाच्या मातीने बुजवायची, खोबणीत एपॉक्सी पसरायची आणि ॲक्शन हलकेच बसवायची. स्क्रू जेमतेम लावायचे. जोर केला तर वाकलेल्या पोलादाचाच ठसा कायम होतो. नंतर दिवसभर हात लावायचा नाही. शेवटची परीक्षा बोटाची असते. नळी आणि लाकूड यांच्या सांध्यावर बोट ठेवून स्क्रू सैल करावा. बोटाखाली काही हलले नाही, तर बैठक जमली.

हे करताना मला मिरजेची आठवण झाली. तेथील कारागीर तंबोऱ्याच्या घोडीवर जी जवारी काढतात, तीही अशीच थोडे घासून, थोडे ऐकून. मैफलीत दाद गवयाला मिळते. जवारी मात्र सुरात विरून जाते. आपण कलाशाखेचे विद्यार्थी सौंदर्यावर पानेच्या पाने लिहितो. पण दोन वस्तू एकमेकींत निर्दोष बसवणे यातही सौंदर्य आहे, हे आपल्या उत्तरपत्रिकेत कधी येत नाही.

कोणी म्हणेल, आता ॲल्युमिनियमचे दस्ते यंत्रावर कातून मिळतात. ही जुनी विद्या हवी कशाला? मान्य आहे. परंतु ते महागडे दस्ते सर्वांना परवडत नाहीत. साध्या घरची मुले आजही जुन्या लाकडी रायफलींवरच हात बसवतात. त्यांची रायफल सदोष राहिली, तर ती मुले दोष स्वतःच्या नजरेला देतात आणि मैदान सोडतात. मला शिकवणाऱ्या कारागिराकडे मात्र आज दुसरा कोणी शिकायला नाही.

म्हणून माझी सूचना साधी आहे. वार्षिक पारितोषिक समारंभात खेळाडूंच्या शेजारी एक खुर्ची कारागिरासाठी ठेवावी आणि अहवालात त्याचे नाव छापावे. आणि सुटीत आपल्यापैकी दोघा-चौघांनी त्याच्या हाताखाली बसावे. सत्कार एका संध्याकाळचा असतो. विद्या टिकते ती शिकणाऱ्यामुळे.