पॅरिसपासून तासाभरावर

मुलुंड-घाटकोपरपासून अंधेरी-बोरिवलीपर्यंत आता जवळपास प्रत्येक सोसायटीत युरोप पाहून आलेलं एखादं तरी घर सापडतं. पॅरिस, आयफेल टॉवर, लूव्ह्र, मग स्वित्झर्लंडचा बर्फ. कित्येकांनी त्यासाठी नोकरीभर पैसे साठवलेले असतात आणि त्या आठ-दहा दिवसांचं सुख पुढे अनेक वर्षं पुरतं. त्या सहलीतला पॅरिसचा एक दिवस मला एका खेड्यासाठी मागायचा आहे.

खेड्याचं नाव नव्ह-शापेल. उत्तर फ्रान्समध्ये, लील शहराच्या नैऋत्येला, मोटारीने साधारण अर्ध्या तासावर. माझा भाचा लीलला नोकरी करतो. त्याच्याकडे गेले तेव्हा मी हट्टच धरला. "मावशी, तिथे शेतांशिवाय काही नाही गं," असं म्हणत त्याने गाडी काढली. पहिल्या नजरेला तसंच वाटतं. सपाट काळी जमीन, बटाटा आणि साखरेचं बीट, लाल विटांची बुटकी घरं, चर्च. रस्त्याच्या कडेने चर काढलेले आणि ते पाण्याने तुडुंब. या चरांकडे जरा थांबून बघावं. इथे थोडं खणलं की पाणी लागतं, म्हणून पहिल्या महायुद्धात, 1914 च्या हिवाळ्यात खंदक खणणं अशक्य झालं आणि मातीच्या पोत्यांच्या भिंती रचून सैनिकांना त्यांच्या आड राहावं लागलं. गुडघाभर चिखल, वर गोठवणारी थंडी, आणि सुरुवातीला अनेकांच्या अंगावर हिंदुस्थानातल्या हवेचे सुती कपडे. मुंबई आणि कराचीहून बोटीने निघालेल्या लाहोर आणि मेरठ या डिव्हिजन मार्सेयला उतरून थेट या चिखलात आल्या होत्या.

फ्रान्समधले भारतीय सैनिक म्हटलं की आपल्याला शीख आणि गढवाली आठवतात. मराठा पलटणी प्रामुख्याने मेसोपोटेमियात लढल्या, त्यामुळे हा मुलुख आपल्या आठवणीत शिरलाच नाही. पण 28 ऑक्टोबर 1914 रोजी हे गाव जर्मनांच्या हातून परत घ्यायला 47 व्या शीख पलटणीबरोबर जे घुसले ते पुण्याजवळच्या खडकीचे होते. थर्ड सॅपर्स अँड मायनर्स, म्हणजे आजच्या बॉम्बे सॅपर्सच्या 20 आणि 21 नंबरच्या कंपन्या. सॅपर म्हणजे पूल बांधणारा, सुरुंग लावणारा, रस्ता करणारा हुन्नरी माणूस. त्या दिवशी पायदळ कमी पडत होतं म्हणून त्यांना संगिनी लावून पुढे धाडलं. गल्लीगल्लीत, घराघरात हातघाई झाली. गाव हाती आलं, पण टिकवायला मागून कुमक आली नाही आणि उरलेल्यांना मागे फिरावं लागलं. दोन्ही कंपन्यांचे जवळपास सगळे इंग्रज अधिकारी ठार किंवा जखमी झाले. जवान तर किती तरी. शिकवून तयार केलेल्या कारागिरांना असं खर्ची टाकणं मला आजही अक्षम्य वाटतं. पुढे 10 मार्च 1915 ला पस्तीस मिनिटं तोफांचा भडिमार करून हेच गाव पुन्हा घेतलं गेलं. त्या तीन-चार दिवसांत ठार, जखमी आणि बेपत्ता झालेले भारतीयच 4,000 हून अधिक होते.

फ्रान्समध्ये पडलेल्या भारतीय सैनिकांचं स्मारक गावाबाहेरच्या चौकात आहे. सर हर्बर्ट बेकर यांनी ते उभारलं. नवी दिल्लीची जुनी संसद आणि सचिवालयं बांधणारे हेच बेकर. गोल आवार, अर्ध्या भागाला दगडी जाळी, मध्ये सुमारे पंधरा मीटर उंचीचा अशोकस्तंभाच्या धर्तीचा खांब, त्यावर कमळ आणि दोन्ही बाजूंना पहाऱ्याला बसलेले वाघ. ईश्वर एकच आहे आणि विजय त्याचा, या अर्थाचे शब्द इंग्रजी, अरबी, हिंदी आणि गुरुमुखीत कोरलेले आहेत. फ्रान्समधल्या बीटाच्या शेतात देवनागरी अक्षरं दिसली तेव्हा भाचाही बोलायचा थांबला.

आतल्या भिंतीवर 4,700 हून अधिक नावं आहेत, पलटणीनुसार लावलेली. ज्यांची कबर नाही, राख कुठे मिसळली ते माहीत नाही, अशांची ही नावं. थर्ड सॅपर्सचा भाग सापडला की बोट ठेवून एकेक ओळ वाचावी. मराठी वळणाची नावं लागत जातात. भिंतीवर हुद्दा आणि नाव एवढंच असतं. बापाचं नाव, गाव, तालुका हे नोंदवहीत, तेही सगळ्यांचं नाही.

7 ऑक्टोबर 1927 ला स्मारकाचं उद्घाटन झालं तेव्हा फ्रान्सचे मार्शल फॉश यांच्याबरोबर रुडयार्ड किपलिंगही हजर होते. मुंबईत, जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या आवारात जन्मलेला हा लेखक. त्यांचा एकुलता एक मुलगा 1915 मध्ये जवळच्याच लूसच्या लढाईत बेपत्ता झाला होता, आणि किपलिंग गेले तरी त्याचा पत्ता लागलेला नव्हता.

चौकापासून थोड्याच अंतरावर पोर्तुगीज सैनिकांचं कब्रस्तान आहे. 1,831 कबरी. यातले बरेचसे एप्रिल 1918 च्या लढाईत याच टापूत पडले. परेरा, फर्नांडिस, डिसूझा... आपल्या आय. सी. कॉलनीत, गोराईत, वसईत दारावरच्या पाट्यांवर असतात तीच आडनावं. मी तिथे ठरवलं होतं त्यापेक्षा बराच जास्त वेळ थांबले.

दिवस हाताशी असेल तर बेथ्यूनचा 1388 चा घंटामनोरा बघा, लान्सला कोळशाच्या जुन्या खाणीवर 2012 मध्ये उघडलेलं लूव्ह्रचं दालन बघा, बटाट्याचे गरम काप खा. पण नोत्र-दाम-द-लोरेतची टेकडी चुकवू नका. तिथल्या वर्तुळाकार भिंतीवर या भागात पडलेल्या सैनिकांची 5,79,606 नावं आहेत, देश, धर्म, हुद्दा काहीही न लावता अक्षरक्रमाने. ज्याने गोळी झाडली आणि ज्याला लागली ते कदाचित एकाच पत्र्यावर असतील. आपलीही माणसं त्यात आहेत.

ज्यांना तिकडे जाणं जमणार नाही त्यांच्यासाठी मस्जिद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये पहिल्या महायुद्धात समुद्रात बुडालेल्या 2,000 हून अधिक खलाशांचं स्मारक आहे. लोकलने जाता येतं.

सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडून उपनगरांत आलेल्या कित्येक घरांत पणजोबांचं एखादं जुनं पदक ट्रंकेच्या तळाशी असतं. त्याच्या कडेवर नंबर, नाव आणि पलटण कोरलेली असते. ते काढून नीट वाचा. पणजोबांचा भाऊ परत आला नाही, असं घरात कोणी बोलल्याचं आठवत असेल तर राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या संकेतस्थळावर त्यांचं नाव शोधा. पैसे पडत नाहीत. इंग्रजांनी नावं कानाला आली तशी लिहिली आहेत, तेव्हा दोन-चार तऱ्हांनी लिहून बघा.

पॅरिसच्या गार द्यु नोर स्थानकावरून लीलची वेगवान गाडी तासाभरात पोचते, पुढे मोटार करावी लागते. स्मारकाला तिकीट नाही. फुलं मात्र आदल्या दिवशी लीललाच घ्या, गावात मिळत नाहीत.