गुणांची बेरीज आणि जागेची निवड

कारखान्यातील यंत्र बदलता येते, व्यवस्थापकही बदलता येतो. परंतु एकदा निवडलेली जागा सहसा बदलता येत नाही. म्हणूनच जागेची निवड केवळ अंदाजावर न सोडता भारित गुणांकनाच्या पद्धतीने करण्याचा प्रघात पडला आहे. प्रथम निकष ठरवावयाचे, प्रत्येक निकषास त्याच्या महत्त्वानुसार भार द्यावयाचा, मग प्रत्येक जागेस दहापैकी गुण देऊन त्यांना भाराने गुणावयाचे. ज्या जागेची बेरीज मोठी, ती श्रेष्ठ.

समजा, वाहतुकीस 40, जमिनीच्या स्वस्ताईस 30, पाण्यास 20 व कुशल कामगारांस 10 असे भार आहेत. विमानतळानजीकच्या जागेस याच क्रमाने 9, 4, 3, 8 गुण मिळाले व दूरच्या जागेस 5, 8, 7, 5. बेरजा अनुक्रमे 620 व 630 येतात. दूरची जागा सरस ठरते. आता वाहतुकीचा भार 45 व जमिनीचा 25 करावा. बेरजा 645 व 615 होतात आणि निकाल फिरतो! जागा त्याच, गुणही तेच. बदलले ते केवळ भार. हे भार निसर्गाने दिलेले नसून माणसांनी ठरविलेले असतात. सारा वाद खरे पाहता तेथेच आहे.

या पद्धतीत आणखी एक दोष संभवतो. पाण्याचे 3 गुण वाहतुकीच्या 9 गुणांआड लपून जातात. परंतु उत्तम रस्त्याने तहान भागत नाही.

बंगळूरच्या उत्तरेस असलेल्या देवनहळ्ळीचे उदाहरण या दृष्टीने उद्‌बोधक आहे. 1991 साली नेमलेल्या समितीने नव्या विमानतळासाठी हे स्थळ पसंत केले व मे 2008 मध्ये तेथून वाहतूक सुरू झाली. त्यानंतर वाहतुकीच्या निकषावर या परिसराला उद्योजकांनी भरघोस गुण द्यावेत, हे साहजिकच होते. परंतु तालुक्यात बारमाही नदी नाही आणि भूजलाचा उपसा भरणाहून अधिक आहे. शिवाय ही जमीन ओसाड नव्हे. येथील पपनसाला भौगोलिक मानांकन लाभले आहे. विमान-उद्योगाच्या वसाहतीसाठी चन्नरायपट्टण होबळीतील 13 गावांची 1,777 एकर जमीन संपादण्याची योजना निघाली, तेव्हा शेतकऱ्यांनी तीन वर्षांहून अधिक काळ आंदोलन केले. अखेर 15 जुलै 2025 रोजी मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांनी ते संपादन सोडून दिल्याची घोषणा केली. जमीनधारकाची संमती हा निकष बेरजेत कितीही लहान भाराने मांडला, तरी व्यवहारात तो सर्व बेरजेवर मात करू शकतो, हे यावरून दिसून येते.

याचा अर्थ गुणांकनच टाकून द्यावे असा नव्हे. तक्त्यामुळे निर्णयाची कारणे उघड होतात व ती तपासता येतात, हा लाभ थोडा नाही. मात्र तीन पथ्ये पाळली पाहिजेत. पाणी व जमीनधारकांची संमती यांना बेरजेत न घालता प्रवेशाच्या अटी मानावे. त्या पुऱ्या न करणारी जागा स्पर्धेतच नसावी. भार हे गुण देण्यापूर्वी ठरवून जाहीर करावेत. अन्यथा मनात धरलेल्या जागेसाठी भार जुळवून घेण्याचा मोह आवरत नाही. आणि भार थोडे हलवून निकाल टिकतो की नाही, हे पाहावे. जो पाच अंकांनी ढळतो, त्यास निर्णय म्हणू नये.

गणित बेरीज अचूक करते. परंतु कशाची बेरीज करावी, हे माणसानेच ठरवावे लागते. ज्यांची भूमी जावयाची आहे, त्यांना ते ठरविण्यात वाटा नसेल, तर तो तक्ता अपुराच म्हटला पाहिजे.