औषध आणि शब्द

पुढें कोण होणार, असा प्रश्न शाळेच्या वरच्या वर्गांत विचारला असतां पुष्कळांच्या मुखांतून "डॉक्टर" हें एकच उत्तर येतें. तें ऐकून आईबापांस धन्यता वाटते, आणि तशी ती वाटणें स्वाभाविकहि आहे. परंतु येथें थोडें अंकगणितहि पाहिलें पाहिजे. २०२४ सालीं वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेस २३ लाखांहून अधिक विद्यार्थी बसले, एम्. बी. बी. एस्. च्या जागा मात्र साऱ्या देशांत मिळून सव्वा लाखहि नव्हत्या. म्हणजे सुमारें वीस जणांमागें एकास प्रवेश मिळावयाचा आणि एकोणीस जणांनीं मान खालीं घालून घरीं परतावयाचें. या एकोणीस जणांत जीवशास्त्र मन लावून शिकलेले आणि दुसऱ्याचें दुःख पाहून कळवळणारे विद्यार्थी व विद्यार्थिनी थोडे नसतात. त्यांच्या विद्येस दुसरा मार्गच नाहीं, ही समजूत चुकीची आहे. अशा मार्गांपैकीं एकाकडे आम्ही आज वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों. इंग्रजींत त्याला 'मेडिकल कम्युनिकेशन्स' म्हणतात. आपण त्याला वैद्यकसंवाद म्हणूं.

हा व्यवसाय म्हणजे काय, हें प्रथम सांगितलें पाहिजे. एखादें औषध प्रयोगशाळेंतून निघून रोग्याच्या मुखांत पडेपर्यंत त्याला कागदांची मोठी वाट चालावी लागते. चांचणी कशी करावयाची याची योजना, चांचणींत भाग घेणाऱ्यांचें संमतिपत्र, निष्कर्षांचा अहवाल, परवानगीसाठीं सरकारकडे करावयाचा अर्ज, वैद्यकीय मासिकांतील निबंध, औषधाच्या खोक्यांतील घडीपत्रक आणि रोग्याच्या हातीं द्यावयाची सूचना, हे सारे कागद कोणीतरी लिहितो. तो डॉक्टरच असतो असें नाहीं. शास्त्राचे पदवीधर, औषधशास्त्र शिकलेले, दंतवैद्य, परिचारिका, वैद्य असे अनेक लोक या कामांत आज आहेत. अमेरिकेंत तर अशा लेखकांची संस्था १९४० सालींच स्थापन झाली.

कोणी म्हणेल, खरें काम शोध लावणाऱ्याचें. लिहिणाऱ्याचें काय मोठें? यास उत्तर म्हणून आम्ही व्हिएन्ना येथील एक प्रसिद्ध कथा सांगतों. १८४७ सालीं तेथील मोठ्या रुग्णालयांत इग्नाझ सेमेल्वाइस नांवाचा तरुण डॉक्टर काम करीत होता. एका प्रसूतिविभागांत बाळंतज्वरानें माता भराभर दगावत. त्या वर्षीच्या एप्रिलांत हें प्रमाण शेंकडा १८ पर्यंत चढलें होतें. शवविच्छेदन करून आलेले डॉक्टर आणि विद्यार्थी त्याच हातांनीं मातांस तपासतात व रोग आपणच घेऊन येतात, हें सेमेल्वाइसनें ओळखलें. क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्यानें हात धुण्याचा त्यानें नियम केला, आणि दोन महिन्यांच्या आंत तें प्रमाण शेंकडा २ च्या आसपास उतरलें. एवढा मोठा हा शोध! परंतु त्यानें तो वेळच्या वेळीं नीट लिहून जगापुढें मांडला नाहीं. त्याचें पुस्तक निघालें तें १४ वर्षांनीं, १८६१ सालीं, आणि तेंहि मोठें व बोजड. विरोधकांस पटवून देण्याऐवजीं जाहीर पत्रांतून तो त्यांस खुनी म्हणूं लागला. १८६५ सालीं वेड्यांच्या इस्पितळांत त्याचा शेवट झाला. समकालीन डॉक्टरांचा अहंकार या अनर्थास कारण झाला हें खरें. परंतु सत्य हातीं असूनहि तें समजावून सांगतां आलें नाहीं, हेंहि तितकेंच खरें. याच्या उलट फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंनीं क्रिमियन युद्धांतील सैनिकांच्या मृत्यूंचे आंकडे १८५८ सालीं रंगीत आकृतींत मांडून दाखविले. शत्रूच्या गोळीपेक्षां रोगानेंच अधिक सैनिक मेले, हें ती आकृति पाहणाऱ्यास एका दृष्टिक्षेपांत कळे.

आपल्या प्रांतांतील अनुभव याहून निराळा नाहीं. सप्टेंबर १८९६ मध्यें मुंबईच्या मांडवी भागांत डॉ. अकासिओ व्हिएगस या मूळच्या गोमंतकीय डॉक्टरांनीं प्लेगचें निदान केलें. निदान अचूक होतें. परंतु पुढें रोग्यांस सक्तीनें उचलून नेण्याचा क्रम सुरू झाला, तेव्हां रुग्णालयांत माणसें मारण्यासाठींच नेतात अशी अफवा उठली, आणि ऑक्टोबरांत गिरणीकामगारांच्या जमावानें आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. त्या कामगारांस अडाणी म्हणून मोकळें होणें सोपें आहे. आम्हांस असें वाटतें कीं, जेथें हुकूम पोंचतो पण कारण पोंचत नाहीं, तेथें अफवा पोंचल्यावांचून राहत नाहीं. २०२० सालच्या कोविडच्या सांथींत शिकल्यासवरल्या घरांतूनहि भलतेसलते उपाय एका फोनवरून दुसऱ्या फोनवर धांवत होते, हें आपण सर्वांनीं पाहिलें आहे.

मग कारण पोंचवावें कसें? याचा उत्तम धडा आपल्या शेजारच्या बंगालनें दिला आहे. १९७१ च्या युद्धकाळांत बनगांवच्या निर्वासितांच्या छावणींत पटकी पसरली. शिरेंतून द्यावयाचें सलाइन अपुरें पडूं लागलें, तेव्हां डॉ. दिलीप महालनबीस यांनीं मीठ, सोडा व ग्लुकोज घातलेलें पाणी पाजून उपचार चालविला, आणि शेंकडा ३० च्या घरांतील मृत्यूंचें प्रमाण शेंकडा ४ च्या खालीं आणलें. उपाय स्वस्त, सोपा आणि घरच्या घरीं करतां येण्याजोगा! तरी तो आपोआप खेडोपाडीं गेला नाहीं. तो नेण्याचें काम बांगलादेशांतील 'ब्रॅक' या संस्थेनें हातीं घेतलें. तीन बोटांची मिठाची चिमूट, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी, एवढें माप त्यांनीं ठरविलें. कारण तराजू प्रत्येक झोंपडींत नसतो, परंतु बोटें व मूठ प्रत्येक आईजवळ असतात. शिकविणाऱ्या स्त्रिया दारोदार जाऊन आईच्याच हातून तें पाणी करवून घेत. पुढें दुसरे तपासनीस त्या गांवीं जाऊन आयांस किती आठवतें हें पाहत, आणि त्यावर शिकविणारीचा पगार ठरे! आपण किती बोललों यावर नव्हे, तर ऐकणाऱ्याच्या ध्यानांत किती राहिलें यावर मोबदला द्यावा, ही कल्पना आमच्या मतें सोन्याच्या मोलाची आहे.

तरीहि प्रारंभीं अपयश आलें. आयांस पाठ झालें, पण मूल आजारी पडलें असतां तें पाणी देणाऱ्या थोड्याच. चौकशी करतां असें आढळलें कीं, शिकविणाऱ्यांपैकीं कित्येकांचाच त्या उपायावर विश्वास नव्हता, आणि घरांतील पुरुषांस तर कोणीं कांहीं सांगितलेंच नव्हतें. मग शिकविणाऱ्यांची खात्री पटविण्यांत आली, पुरुषांच्या सभा भरविण्यांत आल्या, आणि १९८० ते १९९० या दहा वर्षांत सुमारें १ कोटि २० लाख घरांपर्यंत हें ज्ञान पोंचलें. स्वतःस न पटलेली गोष्ट दुसऱ्यास पटवितां येत नाहीं, हा यांतील बोध प्रत्येक लेखकानें मनांत ठेवावा. आपल्या नगर जिल्ह्यांतील जामखेड येथें डॉ. रजनीकांत व डॉ. मेबेल आरोळे यांनीं १९७० सालापासून हेंच तत्त्व आचरून दाखविलें. अक्षरओळख नसलेल्या खेड्यांतील स्त्रियांस त्यांनीं आरोग्याच्या शिक्षिका केलें, आणि गांवानें त्यांचें ऐकलें. कारण त्या गांवच्याच भाषेंत बोलत होत्या.

येथें आपल्या मायबोलीचा प्रश्न येतो. "रिपोर्ट पॉझिटिव्ह आला" हें ऐकून, आपलें सर्व ठीक आहे असें समजणारीं साधीं माणसें आपल्याभोंवतीं आहेत. क्षयाच्या नेहमींच्या उपचारांत गोळ्या सहा महिने घ्याव्या लागतात. परंतु ताप व खोकला गेला म्हणजे रोग गेला असें समजून त्या मध्येंच सोडणारा रोगी स्वतःचें आणि शेजाऱ्यांचेंहि नुकसान करितो. नव्या औषधाच्या चांचणींत भाग घेणाऱ्यास तिची माहिती त्याला समजेल अशा सोप्या भाषेंत दिली पाहिजे, असा आपल्या देशांत २०१९ च्या नियमांचा दंडक आहे. परंतु "यादृच्छिक पद्धतीनें गटविभागणी" असें छापून नियमाचें समाधान होईल, शेतकऱ्याचें होणार नाहीं. "कोणास कोणतें औषध मिळेल हें चिठ्ठ्या टाकाव्या तसें ठरेल; कांहीं जणांस औषध नसलेली, पण तशीच दिसणारी गोळी मिळेल," असें लिहिलें तर तो विचार करील, प्रश्न विचारील, आणि मग हो किंवा नाहीं म्हणेल. एखाद्या माणसाची संमति खरी कीं नुसता आंगठा, हें लिहिणाऱ्याच्या मराठीवर अवलंबून असतें! इंग्रजी उत्तम येणें या व्यवसायांत अवश्य आहे. पण मराठी कच्चें ठेवून आपल्या लोकांची सेवा होणार नाहीं.

भाषेइतकेंच गणितहि लागतें. समजा, एका रोगानें हजारांत दोघे मरत होते आणि नव्या औषधानें एकच मरूं लागला. "मृत्यु निम्म्यानें घटले" हें वाक्य खरें आहे. "हजारांत एक जीव वांचला" हेंहि खरें आहे. पहिल्यानें औषधाचा खप वाढतो, दुसऱ्यानें वाचकाची समज वाढते. प्रामाणिक लेखक दोन्ही सांगतो.

आणि येथेंच या व्यवसायाची खरी कसोटी आहे. ती पालकांपासून लपवून ठेवणें योग्य होणार नाहीं. लेखकास पगार बहुधा औषध विकणाराच देतो. उतारवयांतील स्त्रियांस दिल्या जाणाऱ्या संप्रेरकांच्या औषधांचें उदाहरण घ्या. २००२ सालीं अमेरिकेंतील एका मोठ्या चांचणींत त्यांच्या एका मिश्रणानें लाभापेक्षां अपायच अधिक होतो असें आढळून ती मध्येंच थांबविण्यांत आली. पुढें २००९ सालीं न्यायालयांतून खुल्या झालेल्या कागदपत्रांवरून उघड झालें कीं, या औषधांस अनुकूल असे कित्येक निबंध कंपनीनें पैसे देऊन लिहविले होते आणि त्यांवर नांवें मात्र नामांकित डॉक्टरांचीं होतीं. अशा प्रकारांस आळा घालण्यासाठीं लेखन कोणीं केलें व पैसा कोणीं दिला हें निबंधांतच सांगावें, असे नियम वैद्यकीय मासिकांच्या संपादकांनीं केले आहेत. परंतु नियम कितीहि असोत, न पटणाऱ्या वाक्याखालून लेखणी उचलण्याचें धैर्य नियमांतून येत नाहीं. तें घरांत आणि शाळेंत यावें लागतें.

चरितार्थाविषयीं पालकांस शंका असेल. मुंबई, पुणें, बंगळूर, हैदराबाद या शहरांत औषधकंपन्या, संशोधनसंस्था आणि अशा लेखनासच वाहिलेल्या संस्था आहेत, आणि त्यांत आपलीं मुलें काम करीत आहेत. काम मुदतीचें असतें, पुष्कळदां कंटाळवाणें असतें, आणि डॉक्टराच्या दारावरची पाटी येथें नसते, हेंहि सांगितलें पाहिजे. आतां यंत्रेंहि लिहूं लागलीं आहेत, मग माणूस कशाला, असा दुसरा प्रश्न येईल. यंत्र मजकूर झरझर तयार करितें. पण त्यांत चुकीचा आंकडाहि तितक्याच ठामपणें येतो. तो पकडणारा, आणि चुकल्यास उत्तर देणारा माणूस नको झाला आहे असें आम्हांस दिसत नाहीं. उलट तो अधिक जाणता हवा आहे.

विद्यार्थिमित्रहो, या व्यवसायाची तयारी आजपासून करतां येते. शास्त्राच्या तासास शिकलेली गोष्ट घरीं आजीस सांगून पाहा. तिला समजली नाहीं तर दोष तिचा मानूं नका. घरांतील औषधाचें घडीपत्रक वाचा आणि त्यांतील दहा ओळी सोप्या मराठींत लिहून आपल्या शिक्षकांस दाखवा. वर्तमानपत्रांत एखाद्या नव्या औषधाची वार्ता आली तर हजारांत किती, असा प्रश्न विचारावयास शिका. आणि पालकांस आमची विनंति अशी कीं, मुलास वैद्यकीय प्रवेश मिळाला नाहीं तर घरांत सुतक धरूं नका. रोग्याच्या उशाशीं बसणारा डॉक्टर थोर खराच. परंतु त्याचें औषध रोग्यास कळेल अशा शब्दांत पोंचविणाराहि त्याच सेवेचा धनी आहे. तुमचें मूल त्या कामास योग्य असेल, तर अभिमानानें त्याच्या पाठीशीं उभे राहा.