जुन्या जीपचे पासिंग

शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांना जोडणाऱ्या रस्त्यावर वसलेल्या किन्हवलीसारख्या गावी, जेथे पावसाळ्यात शेताचा बांध आणि गाडीवाट यांतला भेद चिखलाने पुसून टाकलेला असतो, तेथे जुनी जीप हौसेची वस्तू म्हणून कोणी बाळगलेली नसते. भाताच्या गोण्या, पेंढ्याचे भारे, खताची पोती आणि अडल्या वेळी आजारी माणूस, यांपैकी जे काही त्या दिवशी पुढ्यात येईल ते वाहून नेण्याचे काम तिने वर्षानुवर्षे केलेले असते, आणि म्हणूनच नोंदणीची मुदत संपल्यावर तिला पासिंगला नेण्याची वेळ आली की सारे घर काळजीत पडते. या तपासणीत जुन्या वाहनाला कोणते माप लावावे, याचा विचार आपल्याकडे पुरेसा झालेला नाही, असे माझे मत आहे.

१ जुलै १९८९ पासून अंमलात आलेल्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्यान्वये खासगी वाहनाची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते आणि पुढे दर पाच वर्षांनी वाहन प्रत्यक्ष दाखवून तिचे नूतनीकरण करून घ्यावे लागते. भाड्याने चालणाऱ्या वाहनाला मात्र आठ वर्षांनंतर योग्यतेचा दाखला दरसाल घ्यावा लागतो. ही तरतूद सर्वस्वी उचित आहे. परंतु चारचाकीच्या नूतनीकरणाचे जे शुल्क ६०० रुपये होते, ते १ एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपये झाले आणि २०२५ साली वीस वर्षांवरील गाडीसाठी १०,००० रुपयांवर नेण्यात आले. गाडीची अवस्था कशीही असो, केवळ तिचे वय वाढले म्हणून मालकाच्या खिशाला भार पडावा, हे तपासणीच्या मूळ हेतूशी विसंगत आहे. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीचेही असेच झाले. ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदलेली शेवटची पद्मिनी वीस वर्षांची कमाल मुदत भरताच २०२३ च्या ऑक्टोबरात टॅक्सीच्या धंद्यातून बाद झाली; तिचे ब्रेक कसे आहेत, इंजिन कसे आहे, हा प्रश्न विचारण्याची त्या नियमात सोयच नव्हती.

जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांवरील दुचाकी व चारचाकी वाहनांसाठी विंटेज हा स्वतंत्र वर्ग निर्माण केला, त्यासाठी 'व्हीए' अक्षरांची क्रमांकमालिका दिली, नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये व मुदत दहा वर्षांची ठरविली आणि पुनर्नोंदणीस ५,००० रुपये आकारले. संस्थानिकांच्या आणि श्रीमंतांच्या संग्रहातील मोटारी भंगारात जाण्यापासून वाचल्या, याचा मला मनापासून आनंद आहे. तथापि या वर्गातले वाहन प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, विंटेज रॅली, इंधन भरणे आणि देखभाल एवढ्यापुरतेच रस्त्यावर आणता येते. नित्याच्या वापरास ते वर्ज्य आहे. शिवाय चासी, बॉडी अथवा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा, अशी अट आहे. महिंद्र कंपनीने १९४७ साली मुंबईत विलिस जीपची जुळणी सुरू केली, आणि तेव्हापासून कित्येक दशके ज्या पेट्रोल जीपगाड्या खेडोपाडी पोहोचल्या, त्यांच्यापैकी पुष्कळांच्या मालकांनी पेट्रोलचा खर्च झेपेनासा झाल्यावर डिझेल इंजिन बसवून घेतले. ग्रामीण महाराष्ट्रातील जीपचा खरा इतिहास हाच आहे, आणि नेमक्या याच इतिहासामुळे ती जीप विंटेज ठरत नाही. म्हणजे संग्रहालयाची वाट तिला बंद आणि रस्त्याची वाट दर पाच वर्षांनी अधिक महाग.

आता प्रत्यक्ष तपासणीकडे वळू. गाडी पासिंगला उभी केली की प्रथम चासीवर कोरलेला क्रमांक शोधावा लागतो, गंजाचे पापुद्रे तारेच्या ब्रशने खरवडून त्यावर कागद धरून पेन्सिलीने ठसा उमटवावा लागतो, आणि सह्याद्रीच्या पायथ्याचा पाऊस चाळीस वर्षे खाल्लेल्या लोखंडावर एखादा आकडा अस्पष्ट निघाला तर मालकाचा अख्खा दिवस, प्रसंगी दुसरी खेपही, त्यातच जाते. परंतु ज्याकडे सर्वांत बारकाईने पाहिले पाहिजे ते त्या क्रमांकाच्या आसपास असते. जाणता मेस्त्री लहान हातोडी घेऊन चासीच्या दोन्ही बाजूंनी ठोकत जातो. लोखंड निकोप असेल तेथे स्वच्छ खणखणीत नाद येतो, आणि आतून कुजलेले असेल तेथे, वरून रंग कितीही ताजा असो, आवाज बद्द येतो. पाटे ज्या ठिकाणी चासीला जोडलेले असतात तेथे असा आवाज आला, तर त्या गाडीला दाखला मिळू नये. तेथे दयामाया दाखविणे म्हणजे पुढच्या उतारावर माणसे मारणे होय.

ब्रेकच्या बाबतीतही तेच. जुन्या जीपमध्ये चारही चाकांचे ब्रेक एकाच मास्टर सिलिंडरवर चालतात, त्यामुळे एका चाकाची रबरी नळी फुटली तरी पेडल तळाला जाते आणि चारही चाके एकदम निराधार होतात. तिचा हँडब्रेक तर मागच्या चाकांच्या ड्रममध्ये नसून गिअरपेटीच्या मागे, प्रोपेलर शाफ्टवर बसविलेला असतो. ज्याने फक्त आजच्या मोटारी पाहिल्या आहेत अशा तपासनिसाने तो चाकाशी शोधला आणि दिसला नाही म्हणून गाडी नापास केली, तर दोष त्या तपासनिसाचा मानता येणार नाही, कारण त्याला हे कोणी शिकविलेलेच नाही.

वाहनाला त्याच्या काळाचे माप लावण्याचे तत्त्व आपल्या नियमांना अपरिचित आहे असेही नाही. पीयूसीच्या, म्हणजे धुराच्या, तपासणीत २००० सालापूर्वीच्या दुचाकीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ४.५ टक्के आहे, तर त्यापुढच्या काही वर्षांतील दुचाकीला ३.५ टक्के; जे इंजिन ज्या काळात घडले त्या काळाच्या क्षमतेनुसार त्याचा धूर मोजावा, हा न्याय तेथे मान्य झालेला आहे. परदेशांत या प्रश्नाची दोन उत्तरे दिली गेली. ब्रिटनने मे २०१८ पासून चाळीस वर्षांवरील, मोठा फेरबदल न झालेल्या मोटारींना वार्षिक तपासणीतूनच मोकळे केले. जर्मनीने १९९७ साली तीस वर्षांवरील ऐतिहासिक वाहनांना 'एच' अक्षराची स्वतंत्र पाटी दिली, पण दर दोन वर्षांची तपासणी कायम ठेवली. आपल्या घाटरस्त्यांचा, पावसाचा आणि एकेका गाडीवर बसणाऱ्या माणसांचा विचार करता ब्रिटनचा मार्ग आपल्याला परवडणारा नाही. जर्मनीचा मार्ग मला अधिक शहाणपणाचा वाटतो.

परिवहन खात्याने जुन्या वाहनांच्या जातीनिहाय रचनेची माहिती देणारी एक पुस्तिका मराठीत काढून प्रत्येक तपासनिसाच्या हाती द्यावी. ज्या इंजिनबदलाची नोंद दप्तरी रीतसर झालेली आहे, तो विंटेज नोंदणीच्या आड येऊ नये. आणि तालुक्याच्या गावी खात्याची जी शिबिरे भरतात त्यांत जुन्या गाड्यांसाठी एक दिवस राखून ठेवावा, म्हणजे चाळीस वर्षांच्या जीपला महामार्गावरच्या कंटेनरांच्या रांगेतून शहर गाठावे लागणार नाही. शुल्क घ्यायचेच तर ते तपासणीच्या खर्चाइतके घ्यावे.

गाडीमालकांनाही एक विनंती आहे. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्यापूर्वीच्या ६० दिवसांत करता येतो. त्याआधीच चारही चाकांच्या ब्रेकच्या नळ्या नव्या बसवून घ्या, चासी मेस्त्रीकडून ठोकून पाहा आणि नोंदणीपुस्तकात इंजिनाचा जो क्रमांक लिहिला आहे तोच आज गाडीत आहे ना, हे स्वतःच्या डोळ्यांनी ताडून घ्या.