राजवंशाची सनद आणि राष्ट्राचा हक्क

इ. स. ९२५ मध्ये पोप दहावे जॉन यांनी एड्रियाटिक समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावरील एका सत्ताधीशास पत्र पाठविले आणि त्यात त्याचा उल्लेख 'क्रोआटांचा राजा' असा केला. त्या सत्ताधीशाचे नाव तोमिस्लाव्ह. २०२५ साली या पत्राला अकराशे वर्षे पूर्ण झाली आणि क्रोएशियात तोच राज्याच्या अकराव्या शतकपूर्तीचा उत्सव मानला गेला. एका पत्रातील एका शब्दापासून एखाद्या राष्ट्राने आपले वय मोजावे, यात मुळात गैर असे काही नाही. मात्र तो शब्द काय सांगतो, काय सांगत नाही आणि त्याच्यावर नंतरच्या पिढ्यांनी कोणता भार लादला, याचा विचार उत्सवाच्या वाद्यघोषात बहुधा राहून जातो. म्हणून तो येथे करावयाचा आहे.

तोमिस्लाव्हसंबंधीचा पुरावा अत्यंत तुटपुंजा आहे. पोपचे ते पत्र मूळ स्वरूपात उपलब्ध नाही. पुष्कळ उत्तरकालीन अशा नकलेतून ते आपल्यापर्यंत आले आहे. त्याच्या पित्याचे नाव कोणताही समकालीन कागद सांगत नाही. त्याचा राज्याभिषेक झाल्याचाही समकालीन दाखला नाही. दुव्नोच्या मैदानावर जनसमुदायासमक्ष त्याने मुकुट धारण केल्याचे जे दृश्य चित्रकार ओतोन इव्हेकोव्हिच याच्या कुंचल्याने घरोघरी पोहोचविले, त्याचे मूळ दुक्ल्याच्या धर्मोपदेशकाच्या बखरीत आहे आणि त्या बखरीत त्या मैदानावर अभिषेक होतो तो दुसऱ्याच नावाच्या राजाचा. बायझंटाईन सम्राट सातवा कॉन्स्टंटाईन याने दहाव्या शतकाच्या मध्यास क्रोएशियाचे सैन्य साठ हजार घोडेस्वार आणि एक लाख पायदळ असल्याचे लिहून ठेवले. हा आकडा तोमिस्लाव्हच्या वैभवाचा म्हणून अभिमानाने सांगितला जातो. वस्तुतः तो अतिशयोक्त असल्याचे आधुनिक इतिहासकार मानतात आणि कॉन्स्टंटाईनच्या त्या ग्रंथात तोमिस्लाव्हचे नावदेखील आढळत नाही.

मग या राजवंशाचे खरे धन कोणते? ते दंतकथांत नसून दानपत्रांत आणि दगडांत आहे. नवव्या शतकाच्या मध्यास होऊन गेलेला त्रपिमीर हा या वंशाचा मूळपुरुष. त्याच्याच नावावरून इतिहासकारांनी या घराण्यास 'त्रपिमिरोव्हिच' हे नाव दिले. परंपरेने ८५२ सालचे मानले जाणारे त्याचे दानपत्र, तेही नकलेतूनच, आपणांस ठाऊक आहे. देशी दस्तऐवजांत क्रोआट हे नाव प्रथम येते ते याच पत्रात. त्याचा प्रसंग किती साधा असावा! त्रपिमीरने एक मठ बांधला. मठातील पात्रांसाठी चांदी कमी पडली. स्प्लितच्या धर्मगुरूने अकरा पौंड चांदी दिली. आणि त्या उपकाराच्या फेडीत त्रपिमीरने त्याच्या चर्चच्या मालमत्तेस संमती दिली. राष्ट्राचे नाव इतिहासात लिहिले गेले ते रणघोषात नव्हे, देण्याघेण्याच्या कागदात. दानपत्रांवरून राजवंश जुळविण्याची सवय असलेल्या आपल्या वाचकास याचे नवल वाटू नये.

नकलांविषयी शंका घेता येते. दगडाचे तसे नाही. सोलिनजवळ रिझिनित्से येथे त्रपिमीरचे नाव कोरलेला दगड सापडला. ८७९ ते ८९२ या काळात राज्य करणाऱ्या ब्रानिमीरचे नाव एकाहून अधिक शिलालेखांत आहे. मुच येथील लेखावर तर ८८८ हे सालही स्पष्ट आहे. हा ब्रानिमीर त्रपिमीरचा पुत्र झ्देस्लाव्ह यास ठार करून सत्तेवर आला, हेही येथेच सांगितले पाहिजे. त्याच्यानंतर आलेल्या मुन्त्सिमीरने ८९२ मध्ये आपण वाडवडिलांच्या आसनावर परतल्याचे लिहवून त्रपिमीरचे दान कायम केले. वंशावळीचा धागा असा मधून मधून तुटलेला आहे. १८९८ साली फ्राने बुलिच या संशोधकाने सोलिन येथे राणी येलेना हिच्या समाधिलेखाचे तुकडे शोधून जुळविले. त्या लेखात ९७६ हे मृत्युवर्ष आहे, ती राजाची पत्नी व राजाची माता असल्याचा उल्लेख आहे, आणि ती अनाथांची माउली व विधवांची कैवारी होती असे म्हटले आहे. दहाव्या शतकातील राजांचा क्रम लावण्यास या एका स्त्रीच्या थडग्याने जे साहाय्य केले, ते कोणत्याही वीरकथेने केलेले नाही.

अकराव्या शतकात हे राज्य खऱ्या अर्थाने वयात आले. १०६९ च्या एका दानपत्रात चौथा पेतार क्रेशिमीर 'आमचा डाल्मेशियन समुद्र' असे म्हणतो. पुढे १०७६ मध्ये पोप सातवे ग्रेगरी यांच्या प्रतिनिधीने सोलिन येथे झ्वोनिमीरला मुकुट घातला. त्या प्रसंगी त्याने घेतलेल्या शपथेत गोरगरीब, विधवा व अनाथ यांचे रक्षण करण्याचे आणि माणसांच्या विक्रीस विरोध करण्याचे वचन होते. क्रक बेटावरील बाश्का येथील शिळा या राजाने दिलेल्या जमिनीची साक्ष देते, तीही लॅटिनमध्ये नव्हे तर लोकभाषेत आणि ग्लागोलितिक लिपीत. दान नाकारणाऱ्यास तीत शाप आहे. आपल्याकडील शिलालेखांतील शापवचनांची येथे सहज आठवण व्हावी.

१०९१ च्या सुमारास दुसऱ्या स्तेपानबरोबर हा वंश खुंटला. १०९७ मध्ये पेतार हा अखेरचा देशी राजा हंगेरीच्या सैन्याशी लढताना पडला आणि ११०२ मध्ये हंगेरीचा कोलोमन बियोग्राद येथे क्रोएशियाचा राजा म्हणून अभिषिक्त झाला. तो विजय होता की करार, या प्रश्नावर पुढे शतकानुशतके वाद झाला. क्रोएशियन सरदारांनी अटी घालून कोलोमनला स्वीकारले असे सांगणारा जो मजकूर पुढे केला जातो, त्याचे हस्तलिखित बाराव्या नव्हे, चौदाव्या शतकातील आहे. तरीही बुडापेस्ट व व्हिएन्ना येथील सत्तेशी भांडताना क्रोएशियन पुढाऱ्यांनी तोच आधार हाती धरला. जिंकलेल्या प्रजेस हक्क नसतात, करार करणाऱ्या राष्ट्रास असतात, असे त्या काळचे राजकीय तर्कशास्त्र होते.

विसाव्या शतकात तर तोमिस्लाव्ह ज्याच्या त्याच्या कामी आला. १९२५ मध्ये सर्ब राजघराण्याच्या राज्यात त्याची सहस्राब्दी साजरी झाली. दुव्नोच्या मैदानावरील गावाचे नाव तोमिस्लाव्हग्राद झाले. १९४१ मध्ये फॅसिस्टांच्या कृपेने निर्माण झालेल्या क्रोएशियाने एका इटालियन सरदारास 'दुसरा तोमिस्लाव्ह' हे नाव देऊन राजा नेमले. त्याने त्या राज्यात पाऊलही ठेवले नाही. १९४७ मध्ये कम्युनिस्ट राजवटीत झाग्रेबच्या रेल्वे स्थानकासमोर तोमिस्लाव्हचा अश्वारूढ पुतळा उभा राहिला, मात्र त्याच राजवटीत त्या गावाचे नाव दुव्नो झाले. १९९० मध्ये ते पुन्हा बदलले. राजा एक, पण त्याचे वारसदार परस्परांचे वैरी! ज्या नावाचा असा कोणालाही वापर करता येतो, त्या नावापाठीमागे पुरावा किती थोडा आहे हेच यावरून दिसते.

यावर आक्षेप असा येईल की, परसत्तेखाली आठशे वर्षे काढलेल्या लहान राष्ट्रास राजस्मृतीवाचून दुसरा आसरा कोणता होता? हा आक्षेप हलका नाही. न्यायालयात ज्याला दुसरा साक्षीदार मिळत नाही, तो जुना कागद पुढे करतो. त्याला हसणे सोपे आहे. परंतु त्या कागदाची छाननी करण्याचे धैर्यही त्याच राष्ट्रातील विद्वानांनी दाखविले. फ्रान्यो राच्की यांनी १८७७ मध्ये या काळातील मूळ साधने एकत्र छापली. नादा क्लाइच यांनी १९७१ मधील आपल्या ग्रंथात प्रिय दंतकथांची चिकित्सा केली. राष्ट्रप्रेमाचा हा प्रकार गाजावाजाचा नाही, पण अधिक टिकाऊ आहे.

शिवाय काळाने त्या तर्कशास्त्राचाच निकाल लावला आहे. मे १९९१ मध्ये क्रोएशियातील मतदारांनी प्रचंड बहुमताने कौल दिला आणि जून १९९१ मध्ये स्वातंत्र्याची घोषणा झाली. तो हक्क ९२५ च्या पत्राने दिला नव्हता आणि ते पत्र उद्या खोटे ठरले तरी तो हिरावला जाणार नाही. जिवंत माणसांचा हक्क मेलेल्या राजाच्या मुकुटावर अवलंबून ठेवणे म्हणजे तो हक्क दुबळा करणे होय. कारण मग प्रत्येक शेजारी आपापला राजा उकरून काढतो आणि सीमारेषा थडग्यांवरून आखल्या जाऊ लागतात. बाल्कन प्रदेशाने त्याची किंमत चुकती केली आहे.

म्हणून इतिहास शिकविणाऱ्याने तोमिस्लाव्हचे नाव पुसावे असे नाही. त्याच्याविषयी जेवढे ठाऊक आहे तेवढेच सांगावे, आणि त्याच्या शेजारी चांदी उसनी घेणारा त्रपिमीर, माणसांच्या विक्रीस विरोध करण्याची शपथ घेणारा झ्वोनिमीर आणि अनाथांची माउली म्हणून स्मरली गेलेली येलेना यांनाही उभे करावे. राज्य हक्काची सनद म्हणून राजवंशाकडे पाहणे सोडले, तरच तो वंश माणसांचा म्हणून दिसू लागतो. आणि इतिहासाचे प्रयोजन तरी याहून वेगळे काय आहे?