लुंबिनीला जायचे, पण कर्ज काढून नव्हे



दिवाळीची सुट्टी आणि बोनस जवळ आला की परळ, लालबाग, नायगाव, दादरच्या चाळींतून एकच विषय निघतो : यंदा कुठे जायचे? पूर्वी गावी जाणे हीच आपली सहल होती. आता मुले विचारतात, "आपण परदेशी कधी जाणार?" आणि हातावर पोट असलेला बाप खाली मान घालतो. आमचे म्हणणे असे, की त्याने मान खाली घालण्याचे कारण नाही. एक परदेश असा आहे, की जिथे जायला आपल्याला व्हिसा लागत नाही, पासपोर्टवाचूनही चालते आणि विमानाची गरज नाही. तथागतांचा जन्म तिथेच झाला. तो देश म्हणजे नेपाळ.

आपल्यासाठी या देशाला आणखी एक मोल आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धम्मदीक्षा झाल्यावर परमपूज्य बाबासाहेब महिन्याभरातच काठमांडूला गेले. प्रकृती ढासळलेली असतानाही जागतिक बौद्ध परिषदेत २० नोव्हेंबरला त्यांनी बुद्ध आणि कार्ल मार्क्स या विषयावर भाषण केले. परतीच्या वाटेवर त्यांनी सारनाथ आणि कुशीनगर पाहिले. ३० नोव्हेंबरला ते दिल्लीत पोहोचले आणि ६ डिसेंबरला त्यांचे महापरिनिर्वाण झाले. ज्या वाटेने बाबासाहेब शेवटचे फिरले, ती वाट आपल्या मुलाबाळांनी पाहावी, असे कोणाला वाटणार नाही?

पण वाटणे वेगळे आणि हिशेब वेगळा. पतपेढीचे कर्ज काढून किंवा बायकोचे डोरले गहाण ठेवून केलेल्या प्रवासाचे व्याज घरी आल्यावर वर्षभर फेडावे लागते. म्हणून आमचा सल्ला असा, की आधी वर्षभर साठवावे आणि मग निघावे. चौघांच्या कुटुंबाने महिन्याला २,५०० रुपये बाजूला टाकले, तर वर्षात ३०,००० होतात. शेजारच्या चार-पाच घरांनी मिळून भिशी केली तर साठवण्याची शिस्तही लागते. त्यातले ६,००० आजारपण आणि अडीअडचणीसाठी वेगळे बांधून ठेवावेत. उरलेल्या २४,००० चे रेल्वे, बस, मुक्काम आणि जेवण असे चार भाग करून वहीत मांडावेत. रेल्वेचे भाडे आधी तिकीट खिडकीवर विचारावे, म्हणजे आकडा हवेत राहत नाही. कोणी सगळी व्यवस्था करतो म्हणाला, तर गाडी, वर्ग, मुक्काम आणि जेवणे कागदावर लिहून घेतल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नये.

आणखी एक गोष्ट स्पष्टच लिहितो. पैसे कमी पडले की पहिले नाव कापले जाते ते घरातल्या बाईचे. "तू पुढच्या खेपेला ये," असे तिला सांगितले जाते, आणि ती पुढची खेप कधीच येत नाही. भिशीचा हप्ता तिच्याच काटकसरीतून निघालेला असतो. चौघांचे पैसे जमले नसतील तर आणखी सहा महिने थांबावे, पण तिला मागे ठेवून जाऊ नये.

आता कागदपत्रे. १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे आपल्याला मोकळी ये-जा आहे, पण ओळख पटवावी लागते. मोठ्या माणसांनी निवडणूक आयोगाचे मतदार ओळखपत्र किंवा पासपोर्ट सोबत ठेवावा. प्रौढाने नुसत्या आधार कार्डावर विसंबू नये. १५ वर्षांखालील मुले आणि ६५ वर्षांवरील वृद्ध यांना आधार चालते. १५ ते १८ वयाच्या मुलांसाठी मुख्याध्यापकांकडून ठरावीक नमुन्यातील ओळखीचा दाखला घ्यावा. रेशनकार्डही बरोबर असू द्यावे.

मार्ग असा धरावा. कुर्ल्याच्या लोकमान्य टिळक टर्मिनसवरून काशी एक्सप्रेस वाराणसीमार्गे गोरखपूरला जाते. वाराणसीला उतरून सारनाथ पाहावे, मग गोरखपूर गाठावे. तिथून कुशीनगर सुमारे ५० किलोमीटर. परतीला कुशीनगर एक्सप्रेस थेट मुंबईला आणते. मात्र नाव कुशीनगर असले तरी ही गाडी गोरखपूरहून सुटते, हे ध्यानात ठेवावे. रेल्वेचे आरक्षण आता ६० दिवस आधी उघडते, त्याच सकाळी खिडकीवर उभे राहावे. गोरखपूरहून बसने सोनौली, पायी सरहद्द ओलांडून भैरहवा आणि पुढे सुमारे २२ किलोमीटरवर लुंबिनी. एवढ्याला दहा दिवस पुरतात. काठमांडू करायचे असेल तर आणखी चार दिवस धरावेत, कारण जायलाच एक अख्खा दिवस जातो आणि रस्ता घाटाचा आहे. पावसाळ्यात दरडी कोसळतात, तर डिसेंबर-जानेवारीत धुक्याने गाड्या रखडतात. नोव्हेंबर किंवा फेब्रुवारी उत्तम.

मुक्कामाला मोठी हॉटेले शोधू नयेत. लुंबिनीत निरनिराळ्या देशांचे विहार आहेत. काहींत साधी राहण्याची सोय होते. तिथली वेळ आणि शिस्त पाळावी, दान द्यावे. आपल्या १०० रुपयांचे नेपाळी १६० होतात, हा दर ठरलेला आहे, म्हणून भाव विचारताना "रुपये भारतीय की नेपाळी?" हे आधी विचारावे. घड्याळ पंधरा मिनिटे पुढे करावे.

नेपाळ म्हणजे नुसते बर्फाचे डोंगर नव्हेत. २०२१ च्या जनगणनेत तिथे १२४ मातृभाषा आणि १४२ जाती-जमाती नोंदल्या गेल्या. बौद्ध आहेत शंभरात आठ. १८५४ च्या मुलुकी ऐनने तिथे जातीची उतरंड कायद्यातच लिहिली होती. ती १९६३ मध्ये गेली, पण व्यवहारातली अस्पृश्यता उरली, म्हणून २०११ मध्ये तिच्याविरुद्ध वेगळा कायदा करावा लागला. राणा राजवटीने १९४४ मध्ये थेरवादी भिक्खूंना देशाबाहेर घालवले होते, आणि बाराच वर्षांनी त्याच काठमांडूत जगभरचे बौद्ध जमले! आणखी एक गोष्ट डोळे उघडणारी आहे. काठमांडू खोऱ्यातल्या नेवार बौद्धांमध्ये शाक्य आणि वज्राचार्य हे जन्माने ठरतात. बुद्धाच्या नावाने चालणाऱ्या समाजातही जात शिरू शकते, हे मुलांना तिथे दाखवावे. मग बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा का दिल्या, ते वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

म्हणून ही तीर्थयात्रा समजू नये. मायादेवी मंदिरात नवस बोलायचा नाही, मुलाला नोकरी मागायची नाही. बुद्ध मागणे पुरवणारा देव नव्हे. तिथे शेजारीच सम्राट अशोकाचा स्तंभ आहे. त्यावर कोरले आहे, की राज्याभिषेकाला वीस वर्षे झाल्यावर राजा स्वतः इथे आला, बुद्ध इथे जन्मले म्हणून त्याने स्तंभ उभारला, आणि लुंबिनी गावाचा कर माफ करून उत्पन्नातला वाटा आठव्या हिश्श्यावर आणला. वंदनेला आलेला राजा गावकऱ्यांच्या डोक्यावरचे ओझे हलके करून गेला!

आपण राजे नाही. पण परत आल्यावर विहारात एक संध्याकाळ मुलांना बसवून पाहिलेले सांगता येईल. खर्चाची वही दुसऱ्या कुटुंबाला देता येईल, म्हणजे त्यांचे ओझे हलके होईल. आणि ज्या भिशीने आपल्याला नेले, ती तशीच पुढे चालू ठेवावी. पुढच्या वर्षी त्या पैशांतून शेजारच्या एखाद्या विधवा भगिनीला नेता आले, तर स्तंभावरचा लेख आपल्याला वाचता आला, असे आम्ही समजू.

नमो बुद्धाय, जयभीम!