अडीच शिट्ट्या
भिंतीवर घड्याळ, मनगटावर घड्याळ, फोनमध्ये टायमर, तरी आंघोळीला निघालेल्या सासूबाई बजावून जातात, "अगं, तीन झाल्या की बंद कर हं!" तीन काय, हे कुणी विचारत नाही. घरून काम करणाऱ्या सूनबाईचा एक कान मीटिंगमध्ये, दुसरा ओट्याकडे. त्यात शेजारचा कुकर मध्येच शीळ घालतो आणि हिशेब कोलमडतो: दोन आपल्या नि एक त्यांची, की तिन्ही आपल्याच? खरं तर शिट्टी हे माप नव्हेच. आतला दाब बाहेरच्यापेक्षा चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलोने वाढतो, पाणी १२० अंशांच्या आसपास पोहोचतं आणि वाफ वरचं वजन उचलते, एवढंच. आच मोठी ठेवली तर शिट्ट्या भराभर होतात, डाळ मात्र टणकच. (मंद आचेवर मिनिटं मोजा, असं सांगणारी पुस्तिका वॉरंटी कार्डासकट ड्रॉवरच्या तळाशी सुखाने नांदत असते.) डेनिस पापिन या फ्रेंच गृहस्थाने १६७९ साली लंडनमध्ये असं बंद भांडं दाखवलं, पुढे त्याला सुरक्षा-झडप बसवली, त्यात हाडंसुद्धा मऊ शिजवली, पण शिट्ट्या मोजायला त्याला कुणी बसवलं नव्हतं. इकडे सासूबाई केस पुसत बाहेर येतात. "किती झाल्या गं?" "अडीच," सूनबाई माइक बंद करून सांगते.